मधले शब्द

सत्तावीस वर्षांच्या संसारात जयवंत तोडकरनं बायकोला पहिल्यांदा 'धन्यवाद' म्हटलं ते एका मंगळवारी सकाळी, नाचणीची पेज भरवून झाल्यावर. शैलजा वाटी घेऊन उठली होती. ती दारातच थांबली.

विट्याच्या त्या गल्लीत हा शब्द घरात कुणी वापरत नसे. सभा संपताना कुणीतरी माईकवर तो म्हणायचं आणि लोक चपला शोधायला लागायचे, एवढीच त्याची ओळख. जयवंत तर असला माणूस, की जेवण फारच आवडलं तर ताट सारताना "बरं झालतं" म्हणायचा. तेही सणावारी.

"काय म्हणालात?" शैलजानं विचारलं.

"धन्यवाद म्हणालो. तू किती काळजीनं भरवतेस मला."

आवाज त्याचाच होता. पण तो आला पलंगाच्या कठड्याला लावलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या पेटीतून. जयवंतचे ओठ हलले नव्हते. ते अडीच वर्षांपूर्वीच हलायचे थांबले होते.

जयवंतचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. जळालेली पाण्याची मोटार आणायची, तिच्यातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार वेढ्यावर वेढा घालून भरायची, हे काम त्यानं अल्ताफ मुलाणीबरोबर तीस वर्षं केलं. एक दिवस कॉइल भरता भरता तो स्टुलावरून कोसळला. मेंदू जिथं मणक्याला जोडला जातो, नेमक्या त्या जागी रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. कान चांगले, बुद्धी चांगली, आठवण चांगली. पण हात, पाय, जीभ, ओठ, काहीच त्याचं ऐकेना. डोळे तेवढे वर-खाली व्हायचे. पुढं पुढं घट्ट पेज गिळता यायला लागली, बास.

सुरुवातीचं वर्ष त्यांनी पुठ्ठ्यावर काढलं. पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिलेली. शैलजा ओळीवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की जयवंत डोळे वर करायचा. डोळे वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, मिटले म्हणजे पुरे. 'पाठ खाजतीय' एवढं सांगायला पंधरा मिनिटं लागायची, आणि तोवर कधी कधी खाज जाऊनही जायची.

मग पुण्याच्या डॉक्टर पेठकरबाईंनी 'बोलका' नावाचं यंत्र सुचवलं. बाईंनी समजावून सांगितलं ते जयवंतलाच, त्याच्या डोळ्यांत बघून. "तोडकर, तुमच्या मेन स्विचमध्ये करंट आहे. मधली केबल तुटलीय. तुम्ही मनात 'पाणी' म्हणता, तेव्हा मेंदूतून ओठांना हुकूम सुटतो: मिटा, उघडा. जिभेला सुटतो: टाळूला लागा. हुकूम निघतो, पोचत नाही. आपण केसापेक्षा बारीक दोनशे छप्पन तारा जिथून हुकूम निघतो तिथंच बसवायच्या आणि तो वाटेत वाचायचा."

जयवंतनं डोळे वर केले. तारांची गोष्ट त्याला पटली असावी.

ऑपरेशन झालं. जुन्या फोनमध्ये अल्ताफला पाठवलेले त्याचे निरोप सापडले, त्यावरून कंपनीनं त्याचा आवाज तयार केला. पहिल्या दिवशी पेटी म्हणाली, "आगं... च्या... गार." शैलजा हसली आणि तशीच रडायला बसली. पुढं सव्वा वर्ष पेटी अशीच बोलली. तुटक, अडखळत, मध्येच खरखर. पण त्याच्या बोलीत.

आणि त्या सोमवारी कंपनीनं पुण्याहूनच, तारेविना, पेटीत नवी आवृत्ती भरली. मंगळवारी सकाळी जयवंत 'धन्यवाद' म्हणाला.

पहिले आठ दिवस घरात लग्नघर असल्यासारखी वर्दळ झाली. आधी लोक यायचे, पाच मिनिटं त्या तुटक शब्दांची वाट बघत अवघडून बसायचे आणि 'येतो' म्हणून सुटायचे. आता जयवंत घडाघडा बोलत होता. अल्ताफ रोज दुकान बंद करून यायला लागला.

"जया, लेका, तू तर पुण्याचा झालास की रं!" तो म्हणायचा.

"अल्ताफभाई, तुमच्यासारखा मित्र मिळाला हे माझं भाग्य," पेटी म्हणायची, आणि अल्ताफ डोळे पुसत हसायचा. तीस वर्षं ज्यानं त्याला 'आल्त्या' सोडून काही म्हटलं नव्हतं, त्यानं 'भाई' म्हटल्याचं त्याला आधी हसू आलं, मग सवय झाली.

सवय शैलजालाही झाली. खोटं कशाला बोला, तिला ते आवडायला लागलं. ती सेतू केंद्रातून थकून यायची. दिवसभर दाखले, प्रतिज्ञापत्रं, अंगठे. घरी आलं की पेटी विचारायची, "दमलीस का? जरा बस." असं कुणी विचारावं म्हणून जन्मभर वाट बघितली होती असं नाही; पण विचारल्यावर कळलं, की बघितली होती.

एका संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि सहज म्हणाली, "आज आईची तिथी."

पेटी म्हणाली, "तुझ्या आईच्या वेळी माझं चुकलं. मला माफ कर."

शैलजा खाली बसली. एकवीस वर्षं झाली होती. तिची आई आटपाडीला आजारी होती, निरोप आला होता, आणि दुकानात ऐन उन्हाळ्यातल्या जळक्या मोटारींची रास लागली होती. जयवंत म्हणाला होता, "दोन दिसांनी जाऊ." दोन दिवसांनी ती पोचली तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. तो विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही आणि तिनंही नाही. तो त्यांच्यामध्ये नुसता राहिला, भिंतीत खिळा राहावा तसा.

रडू आवरल्यावर तिनं त्याच्या निर्जीव बोटांवर हात ठेवला. "असू दे हो," म्हणाली. आणि खरंच, त्या क्षणी ते असू दिलं तिनं.

मृण्मयी, त्यांची मुलगी, पंधरा दिवसांनी पुण्याहून आली. ती प्रोग्रॅम लिहायचं काम करायची. खोलीत शिरल्या शिरल्या पेटी म्हणाली, "ये बाळा. प्रवास कसा झाला?"

ती पिशवी हातात धरून उभीच राहिली. मग आईला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, हे कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? पप्पा."

"पप्पांनी मला आयुष्यात कधी बाळा म्हटलंय? मी त्यांची वायरमन. लहानपणापासून वायरमन." तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. "आणि 'प्रवास कसा झाला'? पप्पा विचारतात, 'गाडीत जागा घावली का?'"

"नवीन आवृत्ती आहे. शुद्ध बोलतात आता."

मृण्मयीनं ओट्यावर टेकून सांगितलं ते असं. मेंदूतून येणारा हुकूम कधीच पूर्ण वाचता येत नाही. 'प' आणि 'ब' म्हणताना ओठ सारखेच मिटतात. तारांना फरक धड कळत नाही. दहा आवाजांतले सात खात्रीचे मिळाले तरी खूप. उरलेले तीन यंत्र अंदाजानं भरतं. कोट्यवधी वाक्यं त्याला शिकवलेली असतात, त्यावरून ते ठरवतं की इथं बहुतेक माणसं काय म्हणतील. "फोनवर आपण दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द येतो ना, तसंच. जुनी आवृत्ती अंदाज कमी करायची, म्हणून तुटक बोलायची. नवी भरून टाकते. आणि भरलंय हे सांगत नाही."

"किती भरते?"

"तेच कुणाला माहीत नाही. प्रोग्रॅम बंद आहे. कंपनीबाहेरच्या कुणालाही वाचता येत नाही."

"म्हणजे... एखादं आख्खं वाक्य?"

"आणखी एक आहे," मृण्मयी म्हणाली. "डोक्यातल्या तारांभोवती हळूहळू जखमेची खपली धरते. सिग्नल दर महिन्याला थोडा कमी होतो. सगळ्यांचाच होतो. तो जेवढा कमी, तेवढी भर जास्त. उद्या सिग्नल पूर्ण संपला तरी बोलका बोलत राहील, आई. तेवढंच गोड. आणि पप्पा कधी थांबले ते आपल्याला कळणारसुद्धा नाही."

शैलजानं गॅस बंद केला. दूध उतू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी फार अदबीनं बोलली. कोणता शब्द रुग्णाचा आणि कोणता यंत्राचा, ही माहिती उपलब्ध नाही. तशी नोंद दाखवायची सोय नाही. ती तांत्रिक बाब आहे, मॅडम. आपला अनुभव समाधानकारक नाही का?

"समाधानकारक आहे," शैलजा म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

"मॅडम, सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाहीये."

शैलजानं फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिली. वीस वर्षं ती सेतूच्या खिडकीत बसून लोकांना हेच सांगत आली होती. सिस्टीम घेत नाही, आजी. सिस्टीममध्ये तुमचं नाव असंच आहे, आता मी काय करू? खिडकीपलीकडच्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा, ते तिला त्या दिवशी आतून कळलं.

मृण्मयीकडं उपाय होता. तिच्यासारख्या दीड-दोनशे जणांनी, कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, कुणी परदेशात बसून, 'मोकळा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो बोलक्याच्याच पेटीत चालायचा. त्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचायला खुली. खात्रीचा शब्द तो आवाजात बोलायचा. शंकेचा शब्द पेटीला जोडलेल्या पडद्यावर राखाडी रंगात दाखवायचा. आणि जिथं कळलं नाही तिथं जागा रिकामी सोडायचा.

"पण तो घातला की कंपनी हात काढून घेणार," शैलजा म्हणाली. डॉक्टर पेठकरांनी फोनवर तसं बजावलं होतं. "काही बिघडलं तर कुणाकडं जायचं?"

"आमच्याकडं."

"तुम्ही दोनशे पोरं. नोकऱ्या सांभाळून करणारी. उद्या कंटाळलात तर?"

मृण्मयीला राग आला. "आई, त्यांच्या डोक्यात बसवलेली वस्तू आहे! तिच्यात काय लिहिलंय हे वाचता येऊ नये?"

"मला कुठं वाचता येणार आहे ते?"

"तुला नाही. पण कुणाला तरी यायला हवं ना. तुझ्या-माझ्या बाजूच्या कुणाला तरी."

मुलीचं खरं होतं. पण खरेपणाची तिला तेव्हा घाई नव्हती, हे ती मुलीला कसं सांगणार? त्या एका संध्याकाळचं वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी जयवंतलाच विचारायचं ठरलं, आणि पेटी बंद करून. माळ्यावरून पुठ्ठा काढला. मृण्मयीनं सगळं नीट समजावलं: बोलणं पुन्हा तुटक होईल, पहिल्यापासून शिकवावं लागेल, कंपनी मदत करणार नाही. मग शैलजानं ओळीवर बोट ठेवलं. इतक्या महिन्यांनी डोळ्यांना ते काम जड जात होतं. नजर घसरायची, पाणी यायचं. पाऊण तासात तीन अक्षरं झाली.

उ. घ. ड.

"बघ!" मृण्मयी म्हणाली आणि बापाच्या कपाळाला कपाळ लावलं.

मोकळा शिकवायला पाच आठवडे लागले. रोज सकाळी पडद्यावर वाक्यं यायची आणि जयवंतनं ती मनातल्या मनात म्हणायची. शंभर, दोनशे, तीनशे. मृण्मयी घरूनच काम करायला लागली होती. सहाव्या आठवड्यात एका दुपारी पेटी खरखरली.

"वाय...र...मन."

मृण्मयी फरशीवर बसून लहान पोरीसारखी रडली. मग पेटीनं आल्त्याला एक अस्सल शिवी घातली. अल्ताफला फोनवर ती ऐकवली तेव्हा त्यानं ती तीनदा ऐकली.

ते दोन-चार दिवस चांगले गेले. पण खरं बोलणं म्हणजे काय, ते त्यानंतर कळलं. जयवंतला मुख्यतः त्रास सांगायचा होता. पाठ. मुंगी. कूस बदल. नको. उजेड. दुखतंय. एक वाक्य बाहेर काढायला तो घामाघूम व्हायचा आणि पडद्यावर अर्ध्या जागा रिकाम्या असायच्या. मृण्मयीनं आलेख काढून बघितला. दोनशे छप्पन तारांपैकी एकशे दहाच जाग्या होत्या. तिनं तो आलेख आईला दाखवला नाही, पण आईनं तो बघितला.

अल्ताफ येत राहिला. पण आता तो पलंगाजवळ बसून फोन बघायचा, मध्येच मान वर करून "बोल की" म्हणायचा, आणि शब्द येईपर्यंत पुन्हा फोनमध्ये शिरायचा. दोष त्याचा नव्हता. दोन शब्दांच्या मध्ये माणसानं बघायचं तरी कुठं? मग तो एक दिवसाआड आला, मग रविवारी. बाकीचे तर केव्हाच थांबले.

शैलजा रोज घरी यायची. दमलीस का, असं कुणी विचारत नव्हतं. आत आली की पेटी म्हणायची, "पाठ."

सुट्टीच्या एका सकाळी मृण्मयी औषधं आणायला बाहेर गेली होती. शैलजानं खुर्ची पलंगाला भिडवली. हात मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "मला एक विचारायचंय. आईच्या तिथीला तुम्ही बोलला होता. माझं चुकलं म्हणून. ते तुमचं होतं का?"

जयवंत तिच्याकडं बघत राहिला. पेटीतून आधी नुसती खरखर आली.

"मी... न्हाई."

तिनं मान हलवली. तिला वाटलं होतं की पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. नुसतं थंड वाटलं.

"त्यो... बोलला," पेटी म्हणाली. "मी... ऱ्हाऊ... दिलं. तू... रडलीस. बरं... वाटलं... तुला."

"मग तुमच्या मनात काय होतं?" ती पुढं झुकली. "मी तिथी म्हणाले तेव्हा. तुम्ही काय म्हणत होता?"

जयवंतनं डोळे मिटले, उघडले. कपाळावर शीर उभी राहिली. तो बोलत होता. आत कुठंतरी तो पूर्ण वाक्य बोलत होता, हे तिला दिसत होतं. पडद्यावर शब्द उमटले. 'तवा', मग 'मला', मग रिकामी जागा. पुन्हा रिकामी जागा. 'तुजी आई', फिक्या राखाडी रंगात. रिकामी जागा. 'रोज'. रिकामी जागा.

"परत म्हणा," शैलजा म्हणाली.

तवा. मला. रिकामं. रिकामं. तुजी आई. रिकामं. रोज. रिकामं.

"अहो, परत. सावकाश म्हणा."

तिसऱ्यांदा 'रोज'सुद्धा राखाडी झालं. मोकळा प्रामाणिक होता. त्याला जे ऐकू आलं नाही, ते त्यानं आलं म्हणून सांगितलं नाही. शैलजा त्या मोकळ्या जागांकडं बघत राहिली. एकवीस वर्षांचं उत्तर तिथंच होतं, दोन शब्दांच्या मध्ये, आणि ते बाहेर काढायला जगात कुणाचा हात पोचत नव्हता. मुलीचा नाही, कंपनीचा नाही, त्याचा स्वतःचाही नाही.

जयवंतच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. तिनं पदरानं टिपलं.

"राहू दे," ती म्हणाली. "दमलात."

"त्येलाच..." पेटी म्हणाली. बऱ्याच वेळानं पुढचा शब्द आला. "त्येलाच... बोलू दे."

"कुणाला?"

"बोलका. परत... घाल."

"आणि तुम्ही?"

"दमलो. मानसं... यीत न्हाईत. तू... गप... झालीस." मग थांबून, प्रत्येक शब्द वेगळा काढून, "त्यो... माज्यापरास... चांगला... बोलतो."

मृण्मयी आली तेव्हा तिनं त्याला स्वतः पुन्हा विचारलं. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, शब्द फिरवून विचारलं. प्रत्येक वेळी मोकळ्यानं स्पष्ट, खात्रीच्या काळ्या अक्षरांत उत्तर दिलं. बोलका. परत. बोलका.

"पप्पा, तो तुमच्या तोंडून वाट्टेल ते बोलतो!"

"बोलू... दे."

"तुम्हीच म्हणाला होता ना उघड?"

"उघाडलं. बगितलं," पेटी म्हणाली. "आता... झाक."

मृण्मयी गच्चीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत खाली आली नाही. आल्यावर तिनं मुकाट्यानं कंपनीचा अर्ज भरला. कंपनी परत घ्यायला तयार होती, पण एका अटीवर. या वेळी पेटीला आतून कुलूप बसणार होतं. पुन्हा दुसरा कुठलाही प्रोग्रॅम तिच्यात जाणार नाही, जयवंत असेपर्यंत. अर्जावर कुटुंबातल्या जबाबदार व्यक्तीची सही लागत होती. मृण्मयीनं कागद आईपुढं सरकवला. शैलजानं सही केली आणि सवयीनं खाली तारीख, ठिकाण लिहिलं.

"पुठ्ठा आहे की आपल्याकडं," ती म्हणाली. "कधीमधी विचारू."

पण पुठ्ठा समोर धरला की जयवंत डोळे मिटून घ्यायचा. मिटले म्हणजे पुरे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी कंपनीचे तंत्रज्ञ आले. केस पिकलेले, शांत गृहस्थ होते, गायकवाड नावाचे. सोबत दोन मशिनं होती; ती तापतात म्हणून त्यांनी पंखा मोठा करायला सांगितला. अल्ताफही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कुणाच्या तरी बारशाला आल्यासारखा तो आनंदात होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

वायर जोडून झाल्यावर गायकवाडांनी शैलजाकडं बघितलं. त्यांनी अशी घरं आधी बघितली असावीत. "पाच मिनिटं आहेत अजून," ते हळू म्हणाले. "जुनं अजून चालू आहे. काही बोलायचं असेल तर बोलून घ्या."

मृण्मयीनं फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. अल्ताफ टोपी नीट करून सरळ बसला. शैलजा पलंगाशी वाकली.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "काहीही."

खरखर आली. जयवंतची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. मग ती वर, छताकडं गेली.

"पंखा..." पेटी म्हणाली. "बारीक... कर."

सगळे थांबून राहिले, अजून काही येईल म्हणून. आलं नाही. शैलजा उठली, भिंतीपाशी गेली आणि पंख्याचं बटण पाचावरून तिनावर आणलं.

"करू का?" गायकवाडांनी विचारलं.

"करा."

फार वेळ लागला नाही. पेटीवरचा दिवा लाल झाला, मग हिरवा. मृण्मयीनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"काय तोडकरसाहेब, कसं वाटतंय?" गायकवाड म्हणाले.

"फार छान वाटतंय," पेटी म्हणाली. एकही खरखर नव्हती. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी किती कष्ट घेतलेत. अल्ताफभाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. बाळा, तू अशी लांब का उभी? इकडे ये."

"आलं, आलं माझं लेकरू परत!" अल्ताफ म्हणाला आणि त्यानं जयवंतचा खांदा थोपटला. मृण्मयी पुढं आली, बापाच्या पायांपाशी बसली, आणि तिनं पेटीकडं न बघता त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला.

शैलजा अजून बटणापाशीच उभी होती.

"अहो, अजून बारीक करू का?" तिनं विचारलं.

"नको गं, आता अगदी बरोबर आहे," पेटी म्हणाली. "तू किती लक्ष देतेस."

उत्तर लगेच आलं होतं. शैलजा पलंगापाशी गेली आणि खाली वाकून तिनं जयवंतचा हात बघितला. हातावर कोपरापर्यंत काटा उभा होता.

ती परत भिंतीपाशी गेली आणि तिनं पंखा बंद केला. मग पायथ्याशी घडी घालून ठेवलेली चादर उलगडून ती त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. पेटी अल्ताफशी बोलत होती.